नाकाच्या गाडीतली पुढची जागा

तुमच्या आळीची माणसं भाड्याच्या गाडीनं कुठं निघाली, तर ड्रायव्हरच्या शेजारची जागा कुणाला मिळते?

खरं सांगा. मंडळाच्या अध्यक्षाला मिळते, नाहीतर ज्यानं गाडी ठरवली त्याला, नाहीतर नवरदेवाच्या मामाला. मागचं बाकडं कुणाच्या वाट्याला येतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. गाडी कुठली घ्यावी यावर मात्र आपण घसा बसेपर्यंत भांडतो. एसटी, लक्झरी की ट्रक? त्या भांडणात मीही होतो आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी सांगणार आहे ते गाडी निवडण्याबद्दल आहे, आणि ज्या माणसाचा मला हेवा वाटला त्याच्याबद्दल आहे. हेवा अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी पत्रकांवर वाढलो. वडील सभेहून परतताना खिशात घडी करून पत्रकं आणायचे. खाऊ क्वचित, पत्रक नेहमी. त्यांवरच मी वाचायला शिकलो. ते गेल्यावर ही सवय माझी झाली. संध्याकाळी आई भाकरी थापायची आणि मी चुलीच्या उजेडात तिला पत्रक वाचून दाखवायचो. आईला अक्षर येत नव्हतं, पण ऐकताना ती मध्येच थापणं थांबवायची. ती थांबली की मला कळायचं, या वाक्यात काहीतरी आहे.

एकदा जुन्नरच्या लेण्यांवरचं एक पत्रक हाती आलं. त्यात लिहिलं होतं, की तिथल्या शिलालेखांत वेळूचं काम करणाऱ्यांचा, कांस्याची भांडी घडवणाऱ्यांचा उल्लेख आहे. आईचा हात थांबला.

"वेळूचं काम म्हंजी? टोपल्या विणणारी?"

"हो."

"त्यांचं नाव दगडावर हाय?"

"आहे म्हणतात."

जन्मभर डोक्यावर माती, शेण, कांदे वाहिलेली बाई. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग मला तिथं जायाचंय."

त्याआधी आईनं कधी कुठं जायचंय असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. याचं कारण साधं होतं. तिला गाडी लागायची. शिरूरच्या, म्हणजे आमच्या घोडनदीच्या स्टँडवरून एसटी सुटली की पहिलं गाव यायच्या आत ती पदर तोंडाशी धरायची. आवळासुपारी झाली, लिंबू झालं, पोटावर कागद बांधून झाला. शेवटी तिनं गाडीचा नादच सोडला. मांडवगण फराट्याला तिची बहीण दिलेली होती. तिथंही ती पायी, नाहीतर कुणाच्या तरी बैलगाडीतून जायची. जुन्नरला बैलगाडीनं कोण नेणार?

मी मनात ठरवलं, आईला जुन्नर दाखवायचं. हे काम माझं होतं. इच्छा तिच्यात मी पेरली होती आणि ती पुरी करायचा मान माझा होता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरून आहे.

आमच्या वस्तीचं तरुण मंडळ होतं आणि दौंडच्या वस्तीचं वेगळं. दोघांनी मिळून एका दिवसाची सहल काढावी, असं ठरलं. गाडीनं दौंडहून निघायचं, शिरूरला आम्हाला घ्यायचं आणि पुढं जुन्नर. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. थंडीचे दिवस होते आणि लोकांच्या तोंडावर जरा तुकतुकी आली होती.

दौंडच्या मंडळाकडून बोलणी करायला तो आला, ज्याचा मला हेवा वाटला तो.

शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला जंक्शन आहे, हा फरक नकाशात बोटभर दिसतो. तो माणसांत किती असतो, हे मला त्याच्याकडे बघून कळलं. वय माझ्याएवढंच. बाप रेल्वेत, हाही रेल्वेत, इंजिनाच्या शेडमध्ये. अंगात नायलॉनचा शर्ट, हातात ट्रान्झिस्टर, राहायला क्वार्टर. आणि रेल्वेचा फुकट प्रवासाचा पास. त्या पासावर तो नागपूर बघून आला होता, सांची बघून आला होता. मी जे वाचलेलं असायचं ते यानं पाहिलेलं असायचं. मी स्तूपावर पाच मिनिटं बोलायचो आणि हा शेवटी हळूच म्हणायचा, "व्हय, तिथं पायऱ्यांवर दुपारी लय चटकं बसत्यात." झालं. सगळी माझ्याकडची तोंडं त्याच्याकडे वळायची.

त्याची आत्या आमच्याच आळीत, आमच्या घराच्या पलीकडे राहायची. त्यामुळे तो आला की आमच्याकडेही डोकवायचा. माझ्या आईला तो पहिल्या दिवशी मावशी म्हणाला. दुसऱ्या खेपेला आई म्हणायला लागला. मी त्याला एक पत्रक दिलं, ते त्यानं चार ओळी वाचून, नीट घडी करून खिशात ठेवलं. इतक्या सभ्यपणे ठेवलं की राग धरायला जागा उरली नाही. मी ती जागा शोधून राग धरला.

बैठक समाजमंदिरात भरली. आमच्या वस्तीतले वयानं सगळ्यांत मोठे, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी पहिलं बोलायचं अशी रीत होती.

"ट्रक घ्या," आबा म्हणाले. "सभेला आपण ट्रकनंच जातो. समदी मावत्यात. कुणाला न्हाई म्हणाया लागत न्हाई."

"आबा, त्या ट्रकमध्ये आदल्या दिवशी कांदे असतात," मी म्हणालो. "आपण कांदे आहोत का? बायांना फाळक्यावरून कुणीतरी दंडाला धरून वर ओढायचं, खाली उतरवायचं. सभेला ठीक आहे, पण सहलीलाही पोत्यासारखं जायचं?"

"कांद्याला निदान भाव हाय," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. त्या हशात ट्रक गेला.

दौंडच्या मंडळाची सूचना लक्झरीची होती. पुण्याहून मागवायची. मागं झुकणाऱ्या खुर्च्या, काचांना पडदे, टेप. तो वर्णन करत होता आणि आमच्या बायकांचे डोळे मोठे होत होते. मग मी उठलो. मी विचारलं, जागा किती? एसटीपेक्षा कमी. म्हणजे वस्तीतल्या काहींना घरी ठेवायचं. कुणाला ठेवायचं, ते ठरवणार कोण? पडदे कशाला हवेत, आपल्याला कुणापासून तोंड लपवायचंय? मी म्हणालो, एसटी करारावर घ्या. एसटी सगळ्यांची आहे, तिच्यात खुर्ची झुकत नाही आणि माणूसही झुकत नाही. हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. ते पडलंही चांगलं. लक्झरी मागं पडायला लागली.

तेवढ्यात तो जागेवर बसल्या बसल्या माझ्या आईकडे वळला. आई बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती.

"आई, तुम्ही येणार न्हवं?"

"मी कशाची येतीया. मला गाडी लागती."

"कशी लागती? म्हंजी वासानं, का हेलकाव्यानं?"

बैठकीत असा प्रश्न कुणी विचारतं का? विषय गाडीच्या प्रकाराचा होता. आई लाजली, पण तिनं विचार केला आणि उत्तर दिलं.

"म्होरलं काय दिसत न्हाई, तवा लागती. एसटीत माझ्या म्होरं समद्यांची टकुरी. बैलगाडीत न्हाई लागत. एकदा सभेला ट्रकमदी केबिनच्या मागं उभी ऱ्हायले होते, तोंडावर वारं घेत. तवाबी न्हाई लागली."

"मग लक्झरी नगं," तो म्हणाला. स्वतःचीच सूचना त्यानं हातातली विडी टाकावी तशी टाकली. "तिच्यात ड्रायव्हरच्या मागं काच आन् पडदा. म्होरलं काय दिसणार?"

"एसटी?" मी म्हणालो.

"मी बघतो एक गाडी. पुढच्या ऐतवारी आणून दावतो. आई बसून बघतील, मग ठरवा."

बैठक उठली. माझ्या वाक्यावर कुणी मत घेतलंच नाही. लक्झरी मी पाडली होती, पण लोक घरी जाताना बोलत होते ते त्यानं विचारलेल्या प्रश्नाबद्दल. आणि आई रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "इतकी वर्सं गाडी लागती, पर कशी लागती म्हून कुणी इचारलं न्हवतं." ती मला टोचायला म्हणाली नव्हती. म्हणूनच ते जास्त टोचलं.

पुढच्या रविवारी समाजमंदिरासमोर एक गाडी येऊन उभी राहिली आणि पोरं हसायला लागली. जुनी बस. इंजिन पुढं लांब नाकासारखं बाहेर आलेलं. रंगावर इतके रंग चढलेले, की मूळचा कुठला ते सांगता येऊ नये. दौंडच्या जुन्या मुसलमान वस्तीतल्या एका गृहस्थांची ती गाडी. ते स्वतःच चालवायचे आणि तिकडची निम्मी वऱ्हाडं त्यांनीच वाहिलेली होती. सगळे त्यांना मामा म्हणायचे.

"मामा, ही चालती का ढकलाया लागती?" आमच्यातल्या एकानं विचारलं.

"चढणीला तू उतर," मामा म्हणाले, "मग चालती."

नाकाच्या गाडीत इंजिन बाहेर, त्यामुळे धग आणि डिझेलचा वास आत कमी. ड्रायव्हरला वेगळी खोली नाही, तो माणसांतच बसतो. त्याच्या डाव्या हाताला एक बाकडं, समोर रुंद काच आणि काचेपलीकडे सगळा रस्ता. आई वर चढली. त्या बाकड्यावर बसली. मामांनी गाडी स्टँडपर्यंत नेऊन परत आणली. सगळी वस्ती वाट बघत उभी. आई उतरली, पदर खांद्यावर होता तिथंच होता.

"हिच्यात यीन," ती म्हणाली.

गाडी ठरली. टपाला कठडा होता, भांडी-स्टोव्ह वर चढणार होते. पोरं मांडीवर घेतली तर कुणी मागं राहत नव्हतं. माझ्या सगळ्या अटी त्या कुरूप गाडीत बसत होत्या, त्यामुळे तिच्याविरुद्ध मला एक शब्द बोलता येईना. मी प्रयत्न केला होता.

आता चिठ्ठ्यांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या मंडळाचा एक नियम होता आणि तो मला प्राणासारखा जपावासा वाटायचा. गाडीत कुणाचीही जागा ठरलेली नसायची. निघायच्या आधी चिठ्ठ्या टाकायच्या. बाकड्यांवर खडूनं आकडे लिहायचे आणि ज्याला जो आकडा येईल तिथं त्यानं बसायचं, मग तो अध्यक्ष असो की काल वस्तीत राहायला आलेला असो. आणि जागेची अदलाबदल करायची नाही. अदलाबदल का नाही? कारण एकदा ती मुभा ठेवली तेव्हा चार वजनदार माणसांनी पाच मिनिटांत पुढच्या सगळ्या जागा गोळा केल्या होत्या. आपल्या माणसांनी गावात पिढ्यान्पिढ्या मागं बसणं, बाजूला उभं राहणं सोसलं. मग आपल्याच गाडीत आपण पुढचे आणि मागचे असे दोन वर्ग करायचे? गावोगावची मंडळं लग्नाला, सभेला हारतुरे घेतलेल्यांना पुढं बसवत होती, तेव्हा आम्ही चिठ्ठ्या टाकत होतो. त्याचा मला आजही अभिमान आहे.

सहलीच्या पहाटे गाडी दौंडची माणसं घेऊन आली. नियमाप्रमाणे सगळे खाली उतरले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी चिठ्ठ्या करून ठेवल्या होत्या. थंडी मी म्हणत होती. एका पातेल्यात चिठ्ठ्या, आणि एकेकानं येऊन उचलायची.

मला मागचं लांब बाकडं आलं, तेही कोपऱ्यातलं. आईला मागच्या चाकावरची जागा. तिच्यापुढं टकुरीच टकुरी.

त्याला ड्रायव्हरच्या शेजारचं बाकडं आलं.

"नशीबसुदिक रेल्वेचंच," त्याची आत्या म्हणाली आणि सगळे हसले.

त्यानं चिठ्ठी बघितली आणि ती आईच्या हातात ठेवली. "तुम्ही बसा, आई. मी पायरीवर उभा ऱ्हातो. मला सवय हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अदलाबदल नाही, हा नियम माझ्या तोंडून त्यांनी शंभरदा ऐकला होता. आबा दात नसलेल्या तोंडानं हसत म्हणाले, "बोला की पुढारी. काय म्हंतो कायदा?"

आई चिठ्ठी हातात धरून उभी होती. ती चिठ्ठी परत द्यायला तयार होती, हे मला दिसत होतं. माझ्या एका शब्दावर ती मागच्या चाकावर जाऊन बसली असती आणि वाटेतलं मलठण यायच्या आत पदर तोंडाशी धरला असता. किंवा चढलीच नसती.

"नियम कुणा एकाला मोडता येत नाही," मी म्हणालो. "त्यालाही नाही आणि मलाही नाही. मंडळाला बदलता येतो. ज्याला गाडी लागते त्याला पुढची जागा, असा ठराव मी मांडतो. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे हात वर होते. बायकांचे, पोरांचे, मामांचाही. ते तर सभासदही नव्हते. मग मी माझा हात वर केला.

आता नीट बघा. आई पुढं बसली ती ठरावानं बसली, मंडळाच्या हुकमानं. तिच्याच नव्हे, यापुढं ज्याला ज्याला गाडी लागेल त्याच्या हक्कानं बसली. पण गाडी सुटायच्या आत आत्याबाई शेजारणीला सांगत होती, "बगितलं का, भाच्यानं जागा दिली." आणि आज इतक्या दिवसांनी आळीत कुणालाही विचारा. ठराव कुणाला आठवत नाही. त्यानं जागा दिली, हे सगळ्यांना आठवतं.

गाडी निघाली. मागच्या कोपऱ्यातून मला गाडीची पूर्ण लांबी दिसत होती आणि तिच्या टोकाला आईचं डोकं. पायरीवर तो, एका हातानं दांडा धरून, वाकून तिला काहीतरी सांगत होता. ती हसली की तिचा खांदा हलायचा. काय सांगत होता ते ऐकू येत नव्हतं. मलठण गेलं, आणि आईचा पदर जागेवर होता. रस्त्यात उसाच्या बैलगाड्या आल्या. मामांनी भोंगा वाजवला, तशी आई मामांना म्हणाली, "दमानं घ्या, डावा बैल बुजरा हाय." हे मात्र मागंपर्यंत ऐकू आलं, कारण सगळी गाडी हसली. "आता आईच गाडी चालवत्यात," तो ओरडून म्हणाला. मी हसलो नाही. तिला मी चुलीपुढं बसून इतकं वाचून दाखवलं, पण जग असं काचेतून तिच्यापुढं उलगडून दाखवणं माझ्या हातून झालं नव्हतं. ज्याच्या चिठ्ठीवर चांगला आकडा आला, त्याच्या हातून झालं.

हाच माझा काटा आहे. त्याच्या शर्टाचा, ट्रान्झिस्टरचा, अगदी पासाचाही हेवा मी गिळला असता. मला हेवा वाटला तो त्याच्या चांगुलपणाचा. द्यायला हातात काहीतरी असावं लागतं. मला मागचा कोपरा आला होता. मी तो आईला दिला असता, तर त्याला कुणी चांगुलपणा म्हटलं असतं का? रेल्वेत मिळालेली नोकरी, पासावर झालेले प्रवास, त्यातून आलेला तो मऊ आवाज, आणि वर चिठ्ठीत आलेलं पुढचं बाकडं. ज्याला एवढं मिळतं त्याला चांगलं असणं परवडतं. माझ्यासारख्याला ठराव मांडावे लागतात. ठराव मांडणाऱ्यावर कुणी माया करत नाही.

मंचरच्या अलीकडे वळणं सुरू झाली. माझ्यापुढं टकुरीच टकुरी होती. शेजारच्या बाईच्या डब्यातल्या सुकटीचा वास, खालून येणारा धूर. मला मळमळायला लागलं. मला उभ्या जन्मात गाडी लागली नव्हती. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं ते काढलंच.

कुणीतरी पाठीवर हात ठेवला. तोच होता. भर चालत्या गाडीत माणसांतून वाट काढत मागं आला होता, हातात अर्धं लिंबू.

"आईनं दिलंय," तो म्हणाला. "त्यांना लागलं न्हाई, म्हून उरलंय."

मी लिंबू घेतलं. पुढून आईचा आवाज आला, "माझी गाडी ह्यालाच लागली जणू." गाडी परत हसली. तो म्हणाला, "ठरावाप्रमाणं आता तूबी म्होरं चल." त्याला ठराव आठवत होता. एकट्यालाच. मी नको म्हणालो.

जुन्नर आलं. डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली आणि आम्ही चढायला लागलो. चढण आईला नवीन नव्हती. ती आमच्या सगळ्यांच्या पुढं होती. लेण्यात शिरल्यावर ती चप्पल काढून उभी राहिली. मग भिंतीवरची अक्षरं दिसली.

"हीच का ती?"

"हीच असली पाहिजेत," मी म्हणालो.

"ह्यातलं टोपलीवाल्यांचं कुठलं?"

मला ती लिपी येत नव्हती. पत्रकात एवढंच होतं की जुन्नरच्या लेण्यांत तसा लेख आहे. कुठल्या लेण्यात, कुठल्या ओळीत, ते नव्हतं. मी म्हणालो, "ते मला माहीत नाही, आई."

तो पुढं झाला. त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "हे असंल, आई. सांचीला बी असलीच अक्षरं हायती."

माझं डोकं फिरलं. खोटं, तेही आईशी, तेही तिथं. "याला काही माहीत नाही," मी म्हणालो. "हा अंदाजानं सांगतोय. इथं असेल किंवा दुसऱ्या डोंगरावर असेल."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग तळहात उघडला आणि त्या ओळीवर ठेवला. तिच्या हाताची भेगाळलेली कातडी आणि तो दगड एकाच रंगाचे दिसत होते.

"त्याला ठावं न्हाई, तुलाबी ठावं न्हाई," ती म्हणाली. "पर हाय कुठंतरी हितंच. तू वाचलं व्हतंस की."

तू वाचलं होतंस. त्या सबंध दिवसात माझ्या वाट्याला आलेलं हे एक वाक्य. ते मी तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही, पण आहे माझ्याजवळ.

परत येताना आई पुढंच बसली आणि तो पायरीवर. शिरूरला आम्ही उतरलो, गाडी दौंडकडे गेली. आई रस्त्यावर उभी राहून तिचा मागचा दिवा दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

यानंतर आई प्रवास करायला लागली. पुढची जागा मिळाली की मांडवगणला बहिणीकडे एसटीनं जाते. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं, तेव्हा दौंडला एकटी गेली आणि आली. हे त्याच्यामुळे झालं असं ती म्हणते. मी वाद घालत नाही. पण परवा मी तिला स्टँडवर पोचवायला गेलो होतो. पुढच्या बाकड्यावर एक धडधाकट माणूस पेपर वाचत बसला होता. आई त्याच्याशेजारी दांडा धरून उभी राहिली, आशेनं.

मी खिडकीतून म्हणालो, "आई, त्यांना सांग ना. तुला गाडी लागते म्हणावं, मला पुढं बसू द्या."

"मागायचं कसं," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणीतरी भला असतो. दील उठून."

गाडी सुटली. तो माणूस उठला की नाही, मला दिसलं नाही. पण माझ्या छातीत जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. ठरावानं मिळालेली जागा तिच्या मनात दान होऊन बसली. आता ती प्रत्येक गाडीत एका भल्या माणसाची वाट बघते. तो भला माणूस दौंडचा आहे, चांगला आहे, माझ्याहून जास्त लाडका आहे, आणि प्रत्येक गाडीत तो नसतो.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. तुमच्या आळीची पुढची सहल ठरेल, त्या बैठकीत एसटी, लक्झरी, ट्रक हे भांडण सुरू व्हायच्या आधी उभे राहा आणि विचारा, आपल्यात गाडी कुणाला लागते? गुडघा कुणाचा वाकत नाही? त्यांची नावं सगळ्यांच्या कानावर जातील इतक्या मोठ्यानं घ्या. हात वर करून पुढच्या जागा त्यांच्या करा, आणि उरलेल्या जागांच्याच चिठ्ठ्या टाका. गाडी बघायला जाल तेव्हा त्यांच्यातल्या एकीला बरोबर न्या. तिला ड्रायव्हरच्या शेजारी बसवून एक फेरी मारा, आणि तिनं होकार दिल्याशिवाय गाडीचा विसार देऊ नका. ती आभार मानायला लागली, तर तिला सांगा की ही जागा तिचीच होती.